टाकी भरली, ज्योत धरेना

फिलोमिनानं काडी ओढून बर्नरजवळ नेली आणि बर्नरनं फुंकर मारावी तशी ती विझवून टाकली. निळी ज्योत नाही, पिवळी नाही, नुसता वारा. तिनं कॉक बंद केला, काड्यापेटी ओट्यावर आपटली आणि मागच्या दारानं परसात गेली. गोबरगॅसची लोखंडी टाकी शेणाच्या खड्ड्याच्या काठावर पार वर येऊन उभी होती. टाकी वर आली म्हणजे खाली गॅस भरला, हे शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईलाही कळतं. मग भरल्या टाकीतला गॅस पेटत का नाही?

"फिनेल," ती म्हणाली. "दुसरं काय आसंल."

आणि मागच्या दाराशी उभ्या असलेल्या सुनेकडं तिनं असं बघितलं, की हातातली परात तशीच धरून प्रार्थना आत वळली.

पुणतांब्याहून राहात्याकडं जाताना जी ख्रिस्ती वस्ती लागते, तिथं योहानबुवांचं घर कुणीही दाखवावं. बुवा म्हणजे कीर्तनकार. डोक्याला फेटा, गळ्यात उपरणं, हातात चिपळ्या. प्रभूचं नाव घेऊन त्यांनी एकदा स्वर लावला, की पेटीवर बसलेला प्रवीण डोळे मिटायचा, पुढं बसलेल्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या, आणि एरवी देवळाची पायरी न चढणारे गडीसुद्धा मांडवाच्या कडेला उभे राहून ऐकायचे. बुवांचं कीर्तन ऐकून घरी जाताना माणूस वाटेतलं भांडण विसरतो, असं पंचक्रोशीत बोललं जाई आणि त्यात काही खोटं नव्हतं. फक्त बुवांच्या स्वतःच्या घरात तेवढी ती सोय नव्हती. कीर्तन बाहेर व्हायचं. घरी बुवा यायचे ते जेवायला.

जेवण कशावर शिजतं, हे बुवांनी बरीच वर्षं पाहिलं नव्हतं. फिलोमिना राहात्याकडची, फादरांच्या शाळेमागच्या वाडीतली. लग्न होऊन इथल्या चर्चच्या मंडळीत आली आणि त्या दिवसापासून चुलीपुढं बसली. उसाचं पाचट, कपाशीच्या पळाट्या, ओलं बाभळीचं सरपण, जे मिळेल ते. पहिल्या बाळंतपणानंतर खोकला लागला. पुढंपुढं छातीत शीळ वाजायला लागली. उपासनेत गाणं सुरू झालं की ती एक ओळ म्हणायची आणि दुसरीला दम खायची. राहात्याच्या डॉक्टरनं शेवटी कागद बाजूला सारला आणि सांगितलं, बाई, धूर बंद करा, नाहीतर औषध तरी बंद करा. दोन्ही चालू ठेवून उपयोग नाही.

तेव्हा तिनंच हिय्या केला. दारात दोन म्हशी, शेण उकिरड्यावर जातंय, आणि सरकार गोबरगॅसला अनुदान देतंय, हे तिनं बायकांच्या सभेत ऐकलं होतं. बुवांच्या मागं लागून लागून तिनं परसात खड्डा खणवून घेतला, विहिरीसारखा बांधून घेतला, वर टाकी बसवली. पहिल्यांदा निळी ज्योत धरली त्या दिवशी ती ओट्याशी उभी राहून रडली. चूल तिनं पालथी घातली, तिच्यावर कोंबड्या बसायला लागल्या. खोकला एका पावसाळ्यात निम्मा झाला, दुसऱ्यात गेला. हंगामाच्या सणाला ती पाचही कडवी म्हणाली.

तेव्हापासून या घराकडून तिची एकच मागणी होती. दागिना नको, लुगडं नको. पुन्हा धुरापुढं बसायचं नाही, एवढंच.

त्यासाठी रोज सकाळी ती कोपरापर्यंत हात शेणात घालायची. हौदात शेण, पाणी, हातानं कालवायचं, काडीकचरा वेचायचा, भोक उघडून आत सोडायचं. ते काम दुसऱ्या कुणी करावं असं तिला वाटायचं, पण दुसरं कुणी करत नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात सून आली. प्रार्थना केडगावची, डीएड झालेली, राहात्याच्या शाळेत मास्तरीण. सासूला ताप आला त्या आठवड्यात तिनं मुकाट्यानं शेण कालवलं, साबणानं हात तीनतीनदा धुतले, आणि तरी शाळेत पहिल्या बाकावरच्या पोरी नाकाला रुमाल लावून हसल्या. हे तिनं सासूला सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं.

नवरा म्हणजे जेम्स. राहात्याला मोटारी रिवाइंड करायच्या दुकानात कामाला, त्यामुळं घरातल्या कुठल्याही दुखण्यावर त्याच्याकडं तार आणि स्क्रूड्रायव्हर. त्यानं आधी विजेची शेगडी आणली, लाल कॉइलची. कॉइल लाल व्हायची ती गावातल्या पंपांना वीज नसेल तेव्हा. पंप सुरू झाले की तिला नुसती गुलाबी झाक, आणि तांदूळ पाण्यात बसून आपला विचार करत राहायचा. एकदा पातेल्यातून प्रार्थनेला असा झटका बसला की उलथनं छताला लागलं. मग शेगडी माळ्यावर गेली आणि जेम्सनं सिलिंडरचा विषय काढला. एजन्सीत नंबर लावून वर्षं झाली होती आणि नंबर लागायचं चिन्ह नव्हतं. पण आता खाजगी कंपन्यांचे सिलिंडर नंबराशिवाय मिळत होते, थोडे महाग. म्हशी विकू, तो म्हणाला, तीन बर्नरची शेगडी घेऊ, वास नको, घाण नको, बटण फिरवलं की ज्योत.

"आन् संपला की?" फिलोमिनानं विचारलं.

"संपला की दुसरा."

"आन् दुसरा आला न्हाई की? तुझी वीज शेतातल्या मोटारी ठरवणार, तुझा सिलिंडर गाडीवाला ठरवणार. शेण तेवढं माझ्या दारात पडतं, जेम्स. गाडी आली न्हाई म्हणून म्हैस थांबत न्हाई."

जेम्स हसला. बुवाही हसले आणि त्यांनी ते वाक्य मनात टिपून ठेवलं, कीर्तनात घालायला. वीज, सिलिंडर आणि गोबरगॅस, यातला कुठला विस्तव घरात राहणार, याचा निकाल मात्र कुणी दिला नाही. प्रार्थनेला तर कुणी विचारलंच नाही.

यंदाच्या हंगामाच्या सणाला नगरहून पाळकसाहेब, चर्चचे धर्मगुरू, येणार होते. महिन्याभरापूर्वी ते भेटले तेव्हा बुवांनी उपरणं सावरत सांगून टाकलं, की औंदा सगळ्या मंडळीचं प्रीतिभोजन धुराशिवाय शिजवू, गोबरगॅसवर. पाळकसाहेब खूश झाले. घरी आल्यावर फिलोमिनानं कपाळावर हात मारला. दोन म्हशींच्या शेणात चार माणसांचा सैपाक होतो, मंडळीचा होत नाही, हे तिनं त्यांना दोनदा समजावलं. बुवा म्हणाले, प्रभू पुरवील.

आणि सण आठवड्यावर आला असताना गॅस असा बिघडला.

फिलोमिनाला शोध करायची गरजच वाटली नाही. प्रार्थना माहेराहून येताना फिनेलच्या बाटल्या घेऊन यायची. न्हाणीत फिनेल, उंबऱ्याला फिनेल, गोठ्याच्या कडेला फिनेल. औषधी पाणी टाकीत गेलं तर प्लॅन्ट मरतो, हे तर अनुदान देणाऱ्या साहेबानं सगळ्यात आधी बजावलं होतं.

तिनं प्रार्थनेला एकटीला गाठून विचारलं असतं तर गोष्ट वेगळी. पण सणाचे तांदूळ निवडायला वस्तीतल्या बायका ओसरीवर बसल्या होत्या, केशरबाई होती, छबूबाई होती, आणि रागाला माणसं लागतातच. ती सगळ्यांच्या देखत म्हणाली, की शिकल्याली सून आणली, तिला शेणाची घाण वाटते, म्हणून सासूच्या नरड्यात पुन्हा धूर घालायला निघाली. केशरबाईनं तांदळातला खडा काढता काढता भर घातली, की फिनेलवाल्या सुना लेकरंबी त्याच बाटलीनं धुवत्याल. बायका हसल्या.

प्रार्थना उठली नाही. तिनं सूप खाली ठेवलं.

"मम्मी, फिनेल मी न्हाणीत टाकते. न्हाणीचं पाणी केळीला जातं, हौदाला नाही. आणि फिनेलनं शेणातले गॅस करणारे किडे मेले असते तर गॅस तयारच झाला नसता. मग टाकी वर कशी आली?"

"मास्तरीणबाई, शाळा राहात्याला. हितं शिकवू नका."

पलीकडं पडवीत बुवा चिपळ्यांना नवी दोरी ओवत बसले होते. ओवता ओवता त्यांचा हात थांबला. मग ते मान वर न करता म्हणाले, "जाऊ द्या गं. लेकरू हाय, चुकलं आसंल."

किती मोठं मन, असं त्या वेळी फिलोमिनाला वाटलं.

त्यानंतर प्रार्थना घरात बोलेनाशी झाली. विचारलं तेवढं सांगायची. सण झाला की केडगावला जाते, एवढं ती जेम्सला म्हणाली; परत कधी, ते काही म्हणाली नाही. जेम्सला बायको जाण्याच्या काळजीपेक्षा प्लॅन्ट मेल्याची सोयच जास्त वाटली असावी. त्यानं राहात्याच्या बाजारातला एक व्यापारी ठरवला आणि सणानंतरच्या सोमवारी म्हशी न्यायला यायला सांगितलं.

फिलोमिनानं कोंबड्या हाकलल्या, चूल सुलटी केली, सारवली आणि पेटवली. पाचटाचा धूर थेट डोळ्यात आणि डोळ्यातून छातीत. तिसऱ्या दिवशी शीळ परत आली. रात्री उशीला टेकून बसून ती श्वास ओढायची आणि प्रत्येक श्वासाला सुनेचं नाव घ्यायची. चांगल्या अर्थानं नाही.

सणाच्या दिवशी वस्ती सकाळपासून गजबजली. लोकांनी देवाला अर्पण म्हणून बाजरीची कणसं, भोपळे, उसाच्या मोळ्या, पाय बांधलेल्या कोंबड्या आणून ठेवल्या. उपासनेनंतर त्यांचा लिलाव व्हायचा होता. भात आणि आमटी मांडवामागं मोठ्या चुलवणांवर लाकडाच्या जाळातच शिजत होती. धुराशिवायच्या प्रीतिभोजनाबद्दल पाळकसाहेबांनी विचारलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

दुपारी प्रवीण पेटी घेऊन आला. प्रवीण साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत कामाला, कीर्तनात बुवांचा उजवा हात, आणि चहाचा भोक्ता. स्वयंपाकघराच्या दारात टेकून त्यानं कपबशी हातात घेतली, चुलीकडं पाहिलं आणि नवल केलं.

"काकू, चूल कशापायी? गॅस कमी पडला का काय एवढी मळी घालूनसुदिक?"

फिलोमिनाला आधी कळलंच नाही. प्रवीण आपला सरळ मनानं सांगत गेला. बुवांनी विचारलं होतं, गॅस वाढवायला काही आहे का. प्रवीण म्हणाला होता, आमच्याकडं साखर काढून जी काळी चिकट मळी उरते ना, ती आंबवायच्या हौदात पडली की असा कढ येतो, असा गॅस सुटतो, की हौदावर वाकायची सोय नाही. झालं. बुवांनी सायकलला बांधून डबाभर मळी नेली. गेल्या रविवारी.

सोमवारी सकाळी काडी विझली होती.

तिनं कपबशी त्याच्या हातातून घेतली, अजून चहा होता तिच्यात, आणि परसात गेली. हौदातली शेणाची रबडी काठीनं ढवळली आणि वाकून वास घेतला. आंबूस, गोडसर, डोक्यात जाणारा. हा वास तिला नवा नव्हता. उसाचं गळीत सुरू झालं की कारखान्याकडून वारा हाच वास घेऊन येतो, सगळ्या वस्तीवर पसरतो, आणि चार दिवसांनी तो येतोय हेसुद्धा कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून इतके दिवस रोज या हौदाशी येऊनही तिचं नाक गप्प राहिलं होतं.

टाकी भरत होती ती मळीच्या कढानं. तो गॅस दारूच्या हौदातला, न पेटणारा. पेटणारा गॅस देणारे किडे केव्हाच आंबटात मेले असणार. फिनेलनं टाकी वर आलीच नसती, हे सूनबाई ओसरीवर सांगतच होती.

पण मळीचं तिला फार वाटलं नाही. अडाणीपणानं माणूस काहीही घालतो. तिच्या छातीत जे पेटलं ते वेगळं. हा माणूस पडवीत बसला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्याला माहीत होतं. आणि तो म्हणाला, लेकरू हाय, चुकलं आसंल.

ती घरात आली तेव्हा बुवांना फेटा बांधणं चाललं होतं, शेजारी पाळकसाहेब, भोवती माणसं. ती दारात उभी राहिली, परत फिरली. सण पार पडू दे, तिनं ठरवलं. आज नाही.

संध्याकाळी मांडव भरला. विजेचा भरवसा नव्हता म्हणून माईक ट्रॅक्टरच्या बॅटरीवर जोडला होता. बुवा उभे राहिले, चिपळ्या वाजल्या, पेटीनं सूर धरला, आणि काय सांगावं, रागावलेल्या बाईच्याही अंगावर काटा आला असा तो आवाज. देवाच्या उपकारांचं निरूपण होतं. भाकरी झाली, पाणी झालं, आणि बुवा विस्तवावर आले.

"मंडळी, आमच्या घरात तीन विस्तव. एक वीज. खांबावरून येते, झगमग करते, पण तिचा धनी लांब. तार तुटली की अंधार. हा सणासुदीचा भक्त. नाताळला देवळात, नाताळ सरला की शोधा. दुसरा सिलिंडर. भारी, चकचकीत, लांबून भरून आलेला, तोंडाला सील. हा पाठांतराचा भक्त. भरलंय तोवर पेटतो, संपलं की नुसता वाजतो. आणि तिसरा आमचा गोबरगॅस. जन्म कुठं, तर शेणात. त्याला रोज द्यावं लागतं, रोज कालवावं लागतं, घाणीत हात घालावा लागतो. पण गाडी आली न्हाई म्हणून तो थांबत न्हाई. हा पश्चात्तापाचा भक्त. घाणीतून उठतो आणि निळा जळतो."

मांडवात वाहवा झाली. पाळकसाहेबांनी मान डोलावली. फिलोमिना घटकाभर सैल झाली, कारण बोलणं खरंच गोड होतं. मग तिला आठवलं की त्या घाणीत रोज हात कुणाचा असतो.

बुवांनी उपरणं सावरलं. त्यांना रंग चढला होता.

"पण ह्या विस्तवालाबी दृष्ट लागते बरं का. आमच्या घरात सून आली, केडगावची, शिकलेली. तिला वाटलं, घाण हाय, धुवून काढू. वतलं फिनेल. विस्तव गेला, सासू कोपली, घरात रामरगाडा. आन् मी काय केलं? रागावलो? न्हाई. मी क्षमा केली. कारण आपल्यालाबी क्षमा झालेली हाय."

लोक हसले, काहींनी उसासे टाकले. पेटी मध्येच थांबली. प्रवीणचा भाता उघडाच राहिला आणि तो बुवांच्या पाठीकडं बघायला लागला. बायकांत बसलेल्या प्रार्थनेकडं सगळ्यांच्या माना वळल्या. तिनं मान खाली घातली नाही. ती समोर बघत राहिली, कुणीतरी थोबाडीत मारल्यावर माणूस बघतो तशी.

कीर्तनाचा पूर्वार्ध संपला, की कीर्तनकाराला हार घालतात. मान घरच्या बाईचा होता. कुणीतरी झेंडूचा हार फिलोमिनाच्या हातात दिला आणि तिला पुढं ढकललं. ती चालत गेली, बुवांच्या समोर उभी राहिली. बुवांनी हसून मान लववली. हार गळ्यात पडला नाही.

"बुवा," ती म्हणाली, "फिनेल कुणी टाकलं ते मंडळीला सांगितलंत. मळी कुणी टाकली ते ऱ्हायलं."

बुवांची मान तशीच लवलेली राहिली. मग ते हळूच म्हणाले, "अगं, कीर्तन चालू हाय." माईकनं ते सगळ्या वस्तीला ऐकवलं.

"म्हणून तर इचारते. घरात इचारलं तर तुमी जेवत असता."

मागं कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. जेम्स उठून आईकडं यायला लागला. तिनं त्याच्याकडं असं बघितलं की तो जिथं होता तिथंच खाली बसला. पाळकसाहेब खुर्चीतून पुढं झुकले. बाई, हे नंतर बोलू, ते समजुतीनं म्हणाले.

"पाळकसाहेब, ह्या पोरीला मी चार बायकांत बोलले. ह्यांनी आत्ता भरल्या मांडवात बोललं. नंतर न्हाई बोललं कुणी." तिचा दम लागला, छातीत शीळ वाजली, पण ती थांबली नाही. "माझ्या नरड्यात धूर गेला, गेला. त्यो माझा मी गिळीन. पण तुमी पडवीत बसून ऐकत व्हता. ठाऊक व्हतं तुमाला. आन् वर क्षमा करता व्हय तिला?"

बुवा चिपळ्यांकडं बघत राहिले.

"बुवा, डबा मीच दिल्ता," प्रवीण पेटीमागून म्हणाला. "तुमी न्हाई सांगितलं तर मला सांगावं लागंल."

"मी टाकली," बुवा म्हणाले. "मळी मी टाकली."

कीर्तनाचा उत्तरार्ध झाला नाही. पाळकसाहेबांनी उठून प्रार्थना केली, प्रवीणनं एक साधी चाल धरली, लोकांनी जमेल तशी म्हटली. हार टेबलावर राहिला. जेवणं मात्र झाली. पंगतीत आमटी वाढताना बायका एकमेकींकडं बघत होत्या, आणि केशरबाई प्रार्थनेच्या पानावर न मागता दुसऱ्यांदा भात वाढून गेली.

सोमवारी उजाडताच व्यापारी दारात आला, खांद्यावर दोर. जेम्स अजून अंथरुणात. फिलोमिनानं त्याला चहा दिला, म्हशी विकायच्या नाहीत म्हणून सांगितलं आणि फाटकापर्यंत पोचवून आली. मग ती आतल्या खोलीत गेली. प्रार्थना पिशवी भरत होती. घडी केलेल्या साड्या, वर शाळेच्या वह्या.

माफी मागायची म्हणून ती आली होती, पण तीही तिला रागातच मागता आली. "चुकलं माझं," ती म्हणाली, जणू कुणीतरी तिच्याकडून ते हिसकावून घेत होतं. "इचारायला पायजे हुतं."

"विचारायचं सोडा, मम्मी. मी सांगितलं तेही ऐकलं नाहीत." प्रार्थनेनं पिशवीचा बंद ओढला, पुन्हा सोडला. "आणि खरं सांगू? फिनेल मी टाकलं नाही. पण प्लॅन्ट बंद पडला तेव्हा मला आतून बरं वाटलं. मला नको आहे त्या शेणात हात. वर्गात पोरी नाक धरतात."

फिलोमिनाचा राग पुन्हा उसळला. मग उसळलेला तसाच अर्ध्यात राहिला. या घरात आपल्याला धूर नको, हे ती इतकी वर्षं ओरडून सांगत होती. ही पोर वास नको म्हणत होती, तीही एवढ्याच हक्कानं. आणि ज्यांना ना धूर ठाऊक ना वास, ते दोघं आजवर ठरवत आले होते.

"कुणी सांगितलं तुला हात घाल म्हणून," ती म्हणाली. "सकाळचा सैपाक सिलिंडरवर कर. जेम्स आणंल, दुकानात जादा काम करून आणंल, म्हशी इकून न्हाई. संध्याकाळचं मी गोबरगॅसवर बघीन. सिलिंडर संपला तर दोन्ही येळचं. पर धूर न्हाई."

"आणि शेण?"

"ज्यानं मळी घातली त्यो."

प्रार्थनेनं पिशवी रिकामी केली नाही. वह्या तेवढ्या बाहेर काढल्या आणि ओसरीवर तपासायला बसली. केडगावचं काय, ते शनिवारी बघू म्हणाली.

परसात बुवा सदरा काढून कामाला लागले होते. आंबलेली रबडी बादलीबादलीनं बाहेर काढायची, चुन्याची निवळी घालायची, आणि शेजारच्या वस्तीतल्या चालू प्लॅन्टची रबडी आणून विरजणासारखी आत सोडायची, असं अनुदानवाल्या साहेबानं प्लॅन्ट बांधतानाच सांगून ठेवलं होतं. वाटेनं जाणारी माणसं थांबत होती. कुणी म्हणालं, बुवा, आज इकडंच कीर्तन का. बुवांनी पुढची बादली उपसली. उन्हं वर आली तेव्हा ते कोपरापर्यंत शेणानं माखलेले मागच्या दाराशी आले आणि बायकोला विचारलं, ताज्या शेणात पाणी किती.

"प्रार्थनेला इचारा," ती म्हणाली आणि पाठ फिरवली.

मांडवातल्या त्या संध्याकाळपासून बुवांनी सुनेच्या तोंडाकडं बघितलं नव्हतं. ते ओसरीच्या पायरीशी जाऊन उभे राहिले. शेण हातावर वाळत होतं.

"सूनबाई, पाणी किती घालायचं?"

तिनं लाल शाईची खूण पुरी केली. "पप्पा, त्याच्या आधी एक बोलायचं राहिलंय तुमचं."

बुवांनी हातावरचं शेण खरवडलं. मग बोलले, आणि त्या आवाजाला ना ताल होता ना सूर. "मला ठाऊक हुतं पोरी. तुला बोलणी बसत हुती आन् मी गप बसलो. वर मांडवात तुला हसवलं. लई वंगाळ केलं मी."

प्रार्थनेनं वही मिटली. "जेवढं शेण, तेवढंच पाणी," ती म्हणाली. "गुठळी राहू देऊ नका."

ते गेले. आत फिलोमिना चुलीपुढं बसून सगळं ऐकत होती, आणि ऐकूनही तिचा राग बसला नव्हता. टाकी तळाला गेली होती. ती पुन्हा वर यायला, वर येऊन पेटायला पंधरवडा लागेल की महिना, कुणाला माहीत. तोवर पाचट आणि हा धूर. तिला खोकल्याची उबळ आली. ती भिंतीला धरून उठली आणि दात घासत आलेल्या जेम्सच्या हातात फुंकणी दिली.

"बस हितं."

"मी?"

"तूच म्हशी इकाय निघाला हुतास. बस. भाकरी मी थापते भाईर. तू जाळ राख."

ती परात घेऊन ओसरीवर आली, प्रार्थनेपासून हातभर अंतरावर बसली आणि मोकळ्या हवेत पीठ मळायला लागली. आत जेम्सनं फुंकणीला तोंड लावलं, धूर उलटा आला, तो खोकला, डोळे पुसले, परत फुंकलं, परत खोकला. बऱ्याच वेळानं तो दाराशी आला, डोळे लाल, गालावर राख.

"आई," तो दम घेत म्हणाला, "मी आजच सिलिंडरचं बघून येतो."

"जा की," फिलोमिना म्हणाली. "आधी भाकरी भाज."

प्रार्थनेनं वहीत तोंड खुपसलं. हसून तिचे खांदे हलत होते.

तो परत आत गेला.